चालतो का? : खोपट, रॅमचा भाव आणि आमचे हिट गेम

या जानेवारीतल्या एका रविवारी भाचा दोन कागद घेऊन आमच्याकडे आला. पोरगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षं शिकवण्या घेऊन त्याने गेमिंग पीसीसाठी पैसे साठवलेत. एक कागद म्हणजे सप्टेंबरमधलं कोटेशन, दुसरा परवाचं. प्रोसेसर तोच, मॉनिटर तोच, कॅबिनेट तीच. रॅमच्या ओळीतला आकडा मात्र तिपटीच्या वर गेला होता आणि खाली दुकानदाराने पेनाने लिहिलं होतं, ‘भाव आजच्यापुरता’.

“मामा, जीटीए सिक्स येतोय म्हणून वाढवलेत ना?”

मी नाही म्हणालो. जीटीए सिक्सची तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे आणि तीही प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सपुरती. पीसीवर तो कधी येणार याची घोषणाच नाही. पण प्रश्न चुकीचा असला तरी मला ओळखीचा होता. चोवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी बाबांना विचारला होता. कपाटातून बाबांची फाइल काढली आणि त्यातला पिवळा पडलेला एक कागद भाच्याच्या दोन कागदांशेजारी ठेवला. मे २००२, लॅमिंग्टन रोड. त्यावर ‘२५६ एमबी’ लिहून खोडलंय आणि वर ‘१२८’ केलंय. खोडणारा हात बाबांचा.

या तीन कागदांमधल्या काळाची ही गोष्ट.

दोन केबीची करमणूक

ठाण्याबाहेरच्या लोकांना खोपट माहीत असतं ते एसटी स्टँडमुळे. बाबा एसटीत मेकॅनिक होते. आमच्या चाळीत पहिला व्हिडिओ गेम आला तो ‘समुराई’. जपानी फॅमिकॉम १९८३चा, आणि हे त्याचं आपल्याकडे विकलं जाणारं भावंड. टीव्हीला वायर जोडायची, कॅसेट खुपसायची, चाललं नाही तर काढून फुंकर मारायची. कॅसेटवर ‘९९९९ गेम्स’ लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात पंधरा-वीसच, तेच पुन्हा पुन्हा. मारिओ आणि काँट्रा मात्र त्यात असायचेच.

त्या यंत्राची कामाची मेमरी होती दोन किलोबाइट. तुमच्या फोनमध्ये आठ जीबी रॅम असेल, तर ती तिच्या चाळीस लाख पटींहून जास्त भरते. पण एवढ्या कमी मेमरीमुळेच त्याची नक्कल स्वस्तात निघाली आणि एसटी मेकॅनिकच्या चाळीत पोचली. जुलै १९९१ मध्ये सरकारने दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन केलं. दोन्ही मिळून साधारण अठरा-एकोणीस टक्के. परदेशी सुट्या भागांवर चालणारी प्रत्येक वस्तू त्या आठवड्यात महागली. अशा काळात चाळीतल्या घरी कॉम्प्युटर येणं शक्यच नव्हतं.

कॉम्प्युटर आम्ही पाहिला तो शाळेच्या लॅबमध्ये. तिथे ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ चालायचे. ‘चालायचे’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. मराठीत सिनेमा चालतो म्हणजे हिट होतो आणि मशीन चालतं म्हणजे बंद पडत नाही. आमच्याकडे गेमच्या बाबतीत या दोन्ही अर्थांत फरकच नव्हता. जो मशीनवर चालला, तोच गल्लीत चालला.

१० डिसेंबर १९९३ ला अमेरिकेत ‘डूम’ आला. त्याला ३८६ प्रोसेसर आणि चार एमबी रॅम लागायची. आजच्या हिशेबाने एका फोटोएवढी. पण त्याच वर्षी ४ जुलैला जपानमधल्या निइहामा गावी सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला होता. तिथे चिपवरचं काळं वेष्टण बनवायला लागणारं इपॉक्सी रेझिन तयार व्हायचं आणि जगातला निम्म्याहून अधिक पुरवठा त्या एका कारखान्याचा होता. बातमी येताच रॅमचे भाव भडकले. म्हणजे जगात चार एमबीची गरज निर्माण करणारा गेम आला, तेव्हा चार एमबी आधीच महागलेली होती. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. शाळेतल्या जुन्या मशीनवर आम्ही पुढची तीन-चार वर्षं ‘डेव्ह’च खेळत राहिलो, त्याला मात्र या दोन्ही गोष्टी कारण होत्या.

१२८ची रेघ

ही दरवाढ टिकली नाही. १९९६ मध्ये रॅमचे भाव अक्षरशः कोसळले. १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली आणि कॉम्प्युटरवरची कस्टम ड्यूटी टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आली. दरम्यान गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडले. आमच्याकडेही एका गाळ्यात सहा मशीन आली. वर बोर्ड ‘इंटरनेट’चा, आत सगळे ‘रोड रॅश’ खेळणारे. तासाला वीस रुपये. मग ‘आयजीआय’ आला, ‘काउंटर-स्ट्राइक’ आला आणि सहा मशीन एकमेकांना जोडून आम्ही शनिवार-रविवार घालवू लागलो.

२००२ मध्ये मी दहावीची परीक्षा दिली. बाबांनी एसटीच्या पतपेढीतून कर्ज काढलं. सुट्टीत आम्ही दोघं ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग चालत लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तिथे कॉम्प्युटर घ्यायला येणाऱ्यांच्या तोंडात ते कधीच नसतं. दुकानदाराने कागदावर एकेक ओळ लिहिली. रॅमचा आकडा ऐकून बाबा थांबले. गेल्या दिवाळीत शेजाऱ्यांनी तेवढीच रॅम खूपच कमी पैशांत घेतली होती. “सहा महिन्यांत एवढी कशी वाढली?” दुकानदार म्हणाला, “वरूनच माल महाग येतो, साहेब.” मी बाबांना हळूच विचारलं, नवीन गेम आलेत म्हणून असेल का? बाबांनी पेन मागितलं आणि २५६ वर रेघ मारली.

वरून म्हणजे कुठून, हे कळायला काही वर्षं गेली. अमेरिकेच्या न्याय खात्याने चौकशी केली आणि रॅमच्या चिप्स बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपसात भाव ठरवल्याचं कबूल केलं. काळ एप्रिल १९९९ ते जून २००२. इन्फिनिऑनला २००४ मध्ये १६ कोटी डॉलर दंड झाला, हायनिक्सला २००५ मध्ये साडेअठरा कोटी, सॅमसंगला त्याच वर्षी ३० कोटी. मायक्रॉनने आधी जाऊन सहकार्य केलं म्हणून ती दंडातून सुटली. त्या काळातल्या चढउतारांना बाजाराची इतर कारणंही होती. २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हाही भाव उसळले होते. पण भूकंप कुणी ठरवून करत नाही. भाव मात्र ठरवून वाढवता येतात, हे त्या कबुलीजबाबांत लिहिलेलं आहे. खटला अमेरिकेतल्या कॉम्प्युटर कंपन्यांना विकलेल्या चिप्सपुरता होता. खोपटातल्या पतपेढीचे हप्ते त्यात येण्याचं कारणच नव्हतं.

मे २००३ मध्ये ‘जीटीए व्हाइस सिटी’ पीसीवर आला. किमान गरज १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड. माझ्याकडे ग्राफिक्स मदरबोर्डवरचंच, आणि ते आपले ३२ एमबी मुख्य रॅममधूनच उचलायचं. उरले ९६. गेम सुरू व्हायचा, पण आधी रस्ता यायचा आणि इमारती मागाहून. मी त्यातच अख्खा व्हाइस सिटी संपवला. मित्र घरी यायचे, बघायचे आणि विचारायचे, “तुझ्याकडे चालतो का?” मी म्हणायचो, “चालतो.” बाबांसमोर दुसरं काही म्हणण्याची माझी तयारी नव्हती.

पूर, खाण आणि फोन

पुढच्या जीटीएंचे आकडे बघा. २००५ मध्ये ‘सॅन अँड्रियास’ला २५६ एमबी. २००८ मध्ये चौथ्या भागाला दीड जीबी. २०१५ मध्ये पीसीवर आलेल्या पाचव्या भागाला चार जीबी. बारा वर्षांत बत्तीस पट. तरी या काळात बहुतेक वर्षं हे परवडत गेलं, कारण दर एमबीचा भावही उतरत होता. अडचण यायची ती मध्येच बसणाऱ्या धक्क्यांनी.

२०११ मध्ये मी नोकरीला लागलो होतो. ‘स्कायरिम’ नोव्हेंबरमध्ये येणार, म्हणून दिवाळीच्या पैशांतून नवं मशीन जुळवायचं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये थायलंडला पूर आला. हार्ड डिस्क बनवण्यात चीनच्या खालोखाल थायलंडचा नंबर होता आणि वेस्टर्न डिजिटलचा तिथला कारखाना पाण्यात गेला. काही आठवड्यांत डिस्कचे भाव दुप्पट झाले. त्यात जुलैमध्ये साडेचव्वेचाळीसच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबरमध्ये त्रेपन्न रुपयांवर गेला. मी प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड सगळं नवं घेतलं आणि जुनी १६० जीबीची डिस्क तशीच बसवली. एक गेम टाकायचा तर दुसरा उडवावा लागायचा.

नंतर आली खाणकामाची लाट. ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम नावाचं आभासी चलन ‘खोदता’ येतं म्हटल्यावर २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२०-२२ मध्ये लोकांनी कार्डं घाऊक उचलली. १७ सप्टेंबर २०२० ला एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० विक्रीला आलं, किंमत ६९९ डॉलर. छापील किमतीला ते मिळणं लॉटरी लागण्यासारखं होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचं खाणकाम संपलं आणि मगच ती लाट ओसरली.

पण तोवर खोपटातला प्रश्नच बदलला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये ‘पब्जी मोबाइल’ आला, तोही फुकट. ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत दोन-तीन फोन येत होते आणि फोन तर घरात लागणारच होता. सायबर कॅफेच्या गाळ्यात मोबाइल रिपेअरिंग आलं. पूर्वी जी पोरं तासाला वीस रुपये मोजायची, त्यांची धाकटी भावंडं एसटी स्टँडजवळच्या कट्ट्यावर चौघं-चौघं बसून ‘चिकन डिनर’साठी भांडू लागली. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर सरकारने बंदी घातली तेव्हा आमच्या गल्लीत जी शांतता पसरली, ती मी लॉकडाउनमध्येही पाहिली नव्हती. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ म्हणून परतला.

भारतात मोबाइल गेमिंग का वाढलं याची बरीच कारणं सांगितली जातात. स्वस्त डेटा हे त्यातलं खरंच आहे. मी त्यात एकाची भर घालतो. परवडणाऱ्या पीसीचं दार जेव्हा जेव्हा उघडायला आलं, तेव्हा कुठेतरी आग लागली, पूर आला किंवा खाण उघडली. डेव्ह, काँट्रा, व्हाइस सिटी, पब्जी. आमच्या हिट गेमची ही यादी आवडीनिवडीची वाटते, पण ती मुळात त्या त्या वर्षी परवडलेल्या मशीनची यादी आहे.

यावेळी कारण काय?

भाच्याला मी जे सांगितलं ते असं. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयसाठी लागणारी खास मेमरी जास्त नफ्याची, त्यामुळे कारखान्यांची ताकद तिकडे वळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्सशी पुरवठ्याचे मोठे करार जाहीर केले. ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं की ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड ती बंद करतेय. लॅमिंग्टन रोडवर वर्षानुवर्षं विकलं गेलेलं ते नाव. त्याच आठवड्यात डॉलर नव्वद रुपयांच्या पुढे गेला.

आणि हे फक्त पीसीवाल्यांचं दुखणं नाही. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्यातली रॅमही बहुधा याच तीन कंपन्यांच्या कारखान्यांतून येते. १९९३ मध्ये कारखाना जळाला, २०११ मध्ये बुडाला. यावेळी कारखाने पूर्ण जोमाने चालू आहेत, फक्त माल आपल्यासाठी नाही.

“मग थांबू का?” भाच्याने विचारलं.

इतिहास पाहिला तर उत्तर ‘थांब’ असं आहे. १९९३ नंतर भाव उतरले, २००२ नंतर उतरले, २०११ आणि २०२२ नंतरही उतरले. पण उतरायला कधी एक वर्ष लागलं, कधी तीन. एकोणीस वर्षांच्या पोराला तीन वर्षं थांब म्हणणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत आहे. डिप्लोमा संपेल, नोकरी लागेल, आणि हातात पैसे येतील तेव्हा रात्र जागून खेळणारे मित्र आपापल्या शिफ्टला गेलेले असतील. १६० जीबीच्या त्या मशीनवर पुढे मोठी डिस्क बसली, तोवर माझं लग्न ठरलं होतं. स्कायरिम अजून अर्धाच आहे.

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही कागद हातात घेतले, जुना जरा जास्त वेळ पाहिला. मग भाच्याला विचारलं, “यात रॅमच्या जागा किती असतात?”

“चार, आजोबा.”

“मग आत्ता एक भर. बाकीच्या राहू देत. बोर्ड चांगला घे, तो बदलता येत नाही. बसचंही तसंच असतं, चॅसी चांगली लागते.”

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं ग्रँट रोडला गेलो. दुकानदाराने ३२ जीबी लिहिलं. भाच्याने पेन मागितलं, त्यावर रेघ मारली आणि १६ केलं. बाबा बाहेर बाकड्यावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “चालेल ना?”

“चालेल,” भाचा म्हणाला.