शेवटच्या दिवसांचे घर

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक प्रश्न उभा राहिला. माझी आत्या 82 वर्षांची, खेड्यात एकटी राहणारी. एक मुलगा पुण्याला, दुसरा नागपूरला. दोघांचीही बिऱ्हाडे दोन खोल्यांची. आत्या अंगणात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि उठता-बसता माणूस लागू लागला. कुणी म्हणाले, वृद्धाश्रम पाहा. आम्ही दोन-तीन ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणी फरशी आरशासारखी लख्ख होती; पण एका म्हातारीने पाणी मागितले, तेव्हा हाक ऐकूनही कुणी वळले नाही. व्यवस्थापक आम्हाला महिन्याचा खर्च सांगण्यात गुंतले होते.

परतताना मनात आले, आपण इतिहास शिकवतो. चांगली जागा ओळखायची कशी, हे इतिहास सांगेल का? आणि आठवले ते आपल्याच वर्धा जिल्ह्यातले सेवाग्राम.

परचुरेशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. 1932 च्या सुमारास ते येरवड्याच्या तुरुंगात होते. गांधीजीही तेव्हा तिथेच होते. शास्त्रीबुवांना कुष्ठरोग जडलेला होता. त्या काळी या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता आणि भीती मात्र फार होती. रोग्याला घरही नसे आणि गावही नसे. असे हे शास्त्रीबुवा 1939 साली सेवाग्रामला आले, ते आता मरण येईपर्यंत इथेच राहावे, या इच्छेने.

गांधीजींपुढे पेच पडला. आश्रमात बायका-मुले होती. तरीही शास्त्रीबुवांना परत पाठवले नाही. त्यांच्यासाठी गांधीजींच्या कुटीजवळच एक झोपडी बांधली. ती परचुरे कुटी आजही सेवाग्रामला पाहायला मिळते. जखमा धुणे, अंग चोळणे ही कामे गांधीजी स्वतः करीत. ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे. देशभरचे पुढारी भेटीला येत. पण त्या गर्दीतही शास्त्रीबुवांची सेवा चुकली नाही.

वर्ध्याजवळच्या दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 साली कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले होते. पुढे परचुरेशास्त्री तिथे गेले आणि 1945 साली तिथेच त्यांनी देह ठेवला. म्हणजे आपली माणसे सोडून दुसऱ्या जागी जावे लागणे, एवढ्यानेच काही ते टाकून देणे ठरत नाही. नव्या जागी कुणाचे हात आपल्या अंगाला लागतात, यावर सारे आहे.

म्हणून मंडळी, वृद्धाश्रम पाहायला जाल तेव्हा इमारत मागाहून पाहा. आधी जेवणाच्या वेळी, न कळवता जा. भरवणारी बाई घास घाईने कोंबते की थांबून थांबून भरवते, ते पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कोण बदलतो, रात्री किती माणसे जागी असतात, डॉक्टर किती वेळा येतात, हे विचारा. म्हाताऱ्यांना नावाने हाक मारतात का, तेही ऐका.

कायद्याचीही माहिती असू द्या. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 साली झाला. 60 वर्षांवरील ज्या माणसाला स्वतःचे पोट भरता येत नाही, त्याला मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने त्याला टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा त्यात आहे. पण कायदा खर्च मिळवून देईल; डोक्यावरून हात काही फिरवणार नाही.

आता आमच्या आत्याचे सांगतो. आम्ही सारे बोलत होतो. तिला कुणी विचारलेच नव्हते. शेवटी विचारले. ती म्हणाली, "कुठंही ठेवा रे, पण गावाजवळ ठेवा. कुणी ओळखीचं येत-जात राहील." मग गावापासून सहा कोसांवरची एक साधी जागा निवडली. फरशी तिथली फुटकी आहे. पण आत्या कण्हली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी उठून येते.

दर रविवारी आमच्यापैकी एक जण तिच्याकडे जातो. तेवढे मात्र दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही.