सेंत क्रुआची पायी वाट

दरवर्षी ८ सप्टेंबरची दुपार कलली की आपल्या बेटाच्या चारी बाजूंनी माणसे पायी निघतात. कुणी माहेबूरहून, कुणी क्यूरपीपहून, कुणी रोझ-हिलहून. खांद्यावर पिशवी, हातात पाण्याची बाटली, सोबत मुले. रात्रभर चालून ही माणसे पोर्ट लुईजवळ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सेंत क्रुआच्या चर्चला पोहोचतात आणि पेर लावाल यांच्या समाधीवर हात टेकतात. त्या गर्दीत फक्त ख्रिस्ती नसतात. कपाळावर कुंकू असलेल्या बायका असतात, तमिळ असतात, मुसलमान आणि चिनीही असतात. कधीकाळी त्यात माझी आजीही असे. आमच्या घरी गणपती आणि पेर लावाल यांची रात्र कधीकधी एकाच आठवड्यात येत आणि आजीला त्यात काही विसंगत वाटत नसे.

या स्मरणिकेसाठी मी हा विषय सुचवला तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, "बाई, ते तर क्रिओल लोकांचे पाद्री. आपल्या पूर्वजांच्या शताब्दीत त्यांचे काय काम?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देता यावे म्हणून मी वाचायला बसले. जे हाती आले ते इथे लिहीत आहे.

झाक-देझिरे लावाल यांचा जन्म १८०३ साली फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात क्रोत या गावी झाला. ते आधी डॉक्टर होते. १८३० मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन त्यांनी खेड्यात व्यवसाय केला. एकदा घोड्यावरून पडून ते मरता मरता वाचले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे वैद्यकी सोडून ते सेमिनरीत गेले, १८३८ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि १४ सप्टेंबर १८४१ रोजी ते पोर्ट लुईच्या बंदरात उतरले.

त्या वेळी या बेटाची स्थिती कशी होती, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी इथली गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे ६६ हजार माणसे मोकळी झाली, पण ती नावापुरतीच. 'शिकाऊ कामगार' या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले. ब्रिटिश सरकारने मालकांना नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. गुलामांना एक पैसाही मिळाला नाही. १८३९ मध्ये ती सक्ती संपताच बहुतेकांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरवली. ज्या जमिनीवर चाबूक खाल्ला तिथे पुन्हा कोण जाणार? कुणी मासेमारी करू लागला, कुणी गवंडीकाम, कुणी ओसाड जमिनीच्या तुकड्यावर भाजी लावली.

मळे रिकामे झाले, आणि त्या रिकाम्या जागी आपल्या माणसांना आणले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून कलकत्त्याहून पहिले ३६ मजूर आले होते. मध्ये काही काळ ही भरती बंद होती. १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि मुंबई बंदरही तिच्यासाठी खुले झाले. १८४३ या एकाच वर्षात ३० हजारांहून जास्त भारतीय मजूर इथे उतरले. कोकणातून, घाटावरून आलेले आपले लोक याच लाटेत आणि तिच्यामागून आले. म्हणजे लावाल यांनी कामाला सुरुवात केली आणि आपले पूर्वज कोठीवरच्या कॅम्पात शिरू लागले, ते साधारण एकाच वेळी.

एक गोष्ट आपल्या समारंभांतून सहसा बोलली जात नाही, ती मी लिहिणार आहे. आपल्या येण्यामुळे मळेवाल्यांना स्वस्त मजूर मिळाले, त्यामुळे मोकळ्या झालेल्या त्या माणसांची किंमत आणखी घसरली. आपल्या पणजोबांना हे ठाऊकही नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. तेही फसवले गेलेलेच होते. पण दोन्ही समाजांत जी अढी राहिली, तिचे मूळ तिथे आहे. मुले मला वर्गात विचारतात तेव्हा मी हेच सांगते.

मोकळ्या झालेल्या त्या माणसांजवळ काय होते? जमीन नाही, शाळा नाही, पुष्कळांना आडनावही नाही. मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे, म्हणून लग्नाची नोंद नाही. चर्चमध्ये पुढच्या बाकांवर गोरे मालक बसत. आणि तरीही या माणसांनी आपले बळ शोधले ते त्याच मालकांच्या धर्मात! मला हे फार दिवस समजत नव्हते. आता थोडे समजते, असे वाटते. ख्रिस्ती धर्मातल्या देवाला बांधून नेतात, चाबकाचे फटके मारतात, त्याच्या अंगावरचे कपडे काढून घेतात. ही गोष्ट पुढच्या बाकावरच्या माणसाने ऐकली तर ती त्याला एक जुनी कथा वाटेल. पाठीवर वळ असलेल्या माणसाने ऐकली तर तो मान वर करून बघेल. आपल्यावर जे गेले ते देवावरही गेले, म्हणजे आपण टाकलेले नाही, असे त्याला वाटले असेल.

पण नुसते सांगून हे झाले नसते. लावाल यांनी आधी क्रिओल भाषा शिकून घेतली. फ्रेंच बोलणारे सभ्य लोक त्या काळी क्रिओलला भाषासुद्धा मानत नसत. ते राहत एका साध्या खोपटात, झोपत लाकडी पेटीवर. दिवसभर माणसे कामावर, म्हणून त्यांचे वर्ग संध्याकाळी, अंधार पडल्यावर भरत. ऐकणाऱ्यांना अक्षरओळख नव्हती. तेव्हा धडा लहान, सोप्या क्रिओलमध्ये, आणि सगळ्यांनी मिळून पुन्हापुन्हा म्हणायचा. मी तीस वर्षे लहान मुलांना शिकवते. थकलेल्या विद्यार्थ्याला शिकवण्याची याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही. रविवारी दुपारची एक प्रार्थना त्यांनी या माणसांसाठी वेगळी ठेवली, कारण तिथे त्यांना मागे उभे राहावे लागत नसे. गोऱ्या वस्तीतून यावर टवाळी झाली, राग झाला. लावाल यांनी वाद घातला नाही, वर्गही बंद केला नाही.

त्यांचे खरे काम मला वाटते ते पुढचे आहे. एकटा माणूस सगळ्या बेटाला पुरणार नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. म्हणून शिकलेल्यांतूनच त्यांनी शिकवणारे तयार केले. कालपर्यंत गुलाम असलेले पुरुष आणि बायका आपापल्या वस्तीत धडे घेऊ लागल्या, आजाऱ्यांकडे जाऊ लागल्या, लग्नाची नोंद करायला जोडप्यांना समजावू लागल्या. लोकांनी स्वतःच्या हातांनी लहान लहान प्रार्थनाघरे उभी केली. गरिबांसाठी पैसे जमवले. ज्या बाईला काल कुणी नावाने हाक मारत नव्हते, तिच्या दारात आज शेजारी सल्ला विचारायला येत होते. संकटातला धीर म्हणतात तो हाच असावा. तो बाहेरून कुणी आणून दिला खरा, पण मग तो हातोहात फिरू लागला.

१८५४ मध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि हजारो माणसे गेली. साथ भारतातून मजूर घेऊन आलेल्या जहाजातून आली, असा बोभाटा झाला आणि आपल्या लोकांकडे बोट दाखवले गेले. दोन वर्षांनी पुन्हा साथ आली तेव्हा भारतातून आलेल्या मजुरांना गॅब्रियल बेटावर अडकवून ठेवले गेले, आणि त्यातले शेकडो तिथेच मेले. पोर्ट लुईच्या वस्त्यांत या साथींमध्ये लावाल आणि त्यांनी तयार केलेले स्त्री-पुरुष घरोघर फिरले. जुनी वैद्यकी त्यांच्या कामी आली असणारच. पुढे झटका येऊन त्यांचे शरीर खचले. हिंडणे बंद झाले, तेव्हा ते चर्चमध्ये बसून येणाऱ्या प्रत्येकाचे ऐकत राहिले. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी होती.

लावाल यांचे काम मुख्यतः मुक्त गुलामांमध्ये होते, भारतीयांमध्ये नव्हते. त्यांनी आपल्या पूर्वजांचे अमुक केले, असा दावा मी करणार नाही. पण कॅम्पातल्या आपल्या माणसांनी आजूबाजूला काय चालले आहे ते पाहिले नसेल का? एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ नंतर तर फोटो लावलेला पास जवळ नसेल तर रस्त्यावरून चालणेही गुन्हा होता. आपल्या देवाब्राह्मणासमोर झालेले लग्नही सरकारदरबारी धरले जात नसे. संध्याकाळी दिवा लावून बैठकेत जमायचे, थकलेल्या आवाजात भजन म्हणायचे, मुलांना चार अक्षरे शिकवायची, हे आपणही केले. कुणी कुणाचे पाहून केले, असे मी म्हणत नाही. दोन्हीकडे गरज तीच होती आणि वेळही तीच, कामावरून सुटल्यानंतरची.

आता आजीविषयी. माझे वडील लहान असताना त्यांना मलेरियाचा ताप आला. त्या काळी घरोघरी येई. दवाखाना लांब होता. शेजारी एक क्रिओल बाई राहत. त्या दोन रात्री उशाशी बसल्या, आणि ताप उतरेना तेव्हा आजीला म्हणाल्या, "पेर लावालना बोल, ते ऐकतात." आजीने नवस बोलला. वडील वाचले. कुणामुळे, ते देवालाच ठाऊक. पण त्यानंतर पाय चालत होते तोवर आजी दरवर्षी त्या शेजारणीबरोबर सेंत क्रुआला गेली. तिथली प्रार्थना तिला येत नसे, ती मराठीतच काहीतरी पुटपुटे. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी लावाल यांना धन्यवादित घोषित केले त्या वर्षी आजीने मला पहिल्यांदा बरोबर नेले. मी शाळकरी होते. मला आठवतात ते दुखणारे पाय, मेणाचा वास, आणि समाधीवर टेकलेले आजीचे दोन हात. आयुष्यभर ऊस तोडून तिची बोटे सरळ होत नसत. शेजारी तशीच दुसरी बोटे होती.

त्या शेजारणीचे पूर्ण नाव आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. सगळे त्यांना नुसते 'ताँतीन' म्हणत. त्यांचे घर गेले, मुले कुठे गेली ते कळले नाही. आपल्या संस्थेने या वर्षी घराघरांतून जुन्या आठवणी गोळा करण्याचे ठरवले आहे, तेव्हा माझी एक विनंती आहे. जहाजाचे नाव, गावाचे नाव, पासचा क्रमांक हे तर विचाराच. आजारपणात उशाशी कोण बसले होते, तेही विचारा. ताँतीनच्या मुलांचा कुणाला पत्ता असेल तर मला जरूर कळवा.