महाराजांच्या मोटारीचा रंग

राजवाड्याच्या चौकात जुन्या गोष्टी निघाल्या की दुसरे यशवंतराव होळकर यांच्या मोटारींचा विषय ठरलेलाच, त्यातही ड्युसेनबर्गचा. चॅसी अमेरिकेतील इंडियानापोलिसची, त्यावर १९३० च्या दशकाच्या मध्यास लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्याने घडविलेली दोन आसनांची उघडी बॉडी, आणि रंग नारिंगी व काळा.

आम्हां इंदूरकर मराठी मंडळींना त्या नारिंगीत भगवा दिसतो. आलेल्या पाहुण्यांना आम्ही तसे सांगितलेही आहे. आता मात्र ते पुरते पटत नाही. भगव्याला काळ्याची जोड कोण देईल? महाराजांची नजर निराळ्याच तालमीत तयार झाली होती. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी माणिकबाग उभारून घेतला. ब्रांकुशीचे ‘बर्ड इन स्पेस’ हे शिल्प त्यांनी तीन रूपांत घेतले: एक ब्राँझचे, एक पांढऱ्या संगमरवराचे, एक काळ्या. बर्नार्ड बुते द मॉन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने एकदा त्यांना काळ्या पाश्चात्त्य पोशाखात रंगविले, पुढे शुभ्र मराठेशाही वेशात. काळ्याशेजारी कोणता रंग उठून दिसेल, हे अशा रसिकाला आम्ही काय सांगावे!

तरीही भगवा अगदीच नाकारवत नाही. त्या दोन्ही चित्रांतले यशवंतराव एकच आहेत. ते १९६१ साली निवर्तले. मोटार अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली.