साताऱ्याचे पाणी

चैत्र लागला की वर्तमानपत्रांत पाण्याच्या बातम्यांचे जणू सदरच सुरू होते. अमक्या गावी टँकर, तमक्या तलावाने तळ गाठला, नळ एक दिवसाआड. आपण वाचतो, हळहळतो, आणि पिंपे भरून ठेवण्याच्या मागे लागतो. मंडळाच्या भगिनींनी स्मरणिकेसाठी काही लिहा असा आग्रह केला, तेव्हा वाटले की ह्या बातम्यांच्या मागचा इतिहास आपल्या उंबऱ्याशीच आहे, तोच सांगावा.

आपला जिल्हा मोठा विलक्षण. पश्चिमेस महाबळेश्वरी ५००० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस माण-खटावात ५०० तरी भरेल की नाही याची शाश्वती नसते. ह्या दोहोंच्या मध्ये सातारा. डोंगरावरचे पाणी उताराने गावात आणायचे ही युक्ती जुन्या लोकांना चांगली साधली होती. यवतेश्वराच्या डोंगराकडून खापरी नळांनी पाणी येई, पेठांतील हौद भरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासचा तलाव झाला आणि तिथले पाणी डोंगराच्या कडेकडेने काढलेल्या पाटाने शहरात आले. पंप नाही, इंजिन नाही, नुसता उतार!

पण मला अधिक जवळची वाटते ती लिंब गावची बारा मोटांची विहीर. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ ह्या काळात ती बांधून झाली आणि बांधवून घेणारी एक बाई होती : शाहू छत्रपतींच्या घरातील विरूबाई भोसले. तसे शिलालेखातच आहे. विहीर अष्टकोनी, खोली सुमारे ११० फूट, रुंदी सुमारे ५० फूट. भक्कम जिना उतरून आत गेले की भर वैशाखातही अंगाला गारवा लागतो. आत दगडी महाल आहे, खांबांवर कोरीवकाम आहे. भोवती आमराई लावली होती आणि तिच्यासाठीच हे सारे पाणी, असे सांगतात. एकाच वेळी बारा मोटा चालत, म्हणून हे नाव.

आजच्या मुलींनी मोट पाहिलेली नाही, म्हणून चार ओळी खर्च करते. चामड्याची मोठी मोट. तिला खाली सोंड. मोटेला नाडा आणि सोंडेला सोंदूर असे दोन दोर. बैल उतरत्या धावेवरून खाली चालू लागले की मोट वर येई. वर येताच सोंड थारोळ्यात पडे आणि पाणी आपसूक पाटाला लागे. बैल उलट पावली मागे सरकत, मोट पुन्हा खाली. मोटेवर पुरुष असत आणि मोटेची गाणीही त्यांचीच. घरातल्या रांजणापर्यंतचे पाणी मात्र बायकांच्या डोक्यावरून आले. किती घागरी, किती खेपा, हे कोणत्याच शिलालेखात कोरलेले नाही.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. मी तेव्हा शाळेत होते. रेशनचा तांबडा मिलो, कामावर वाटली जाणारी सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला पदर डोक्यावर ओढून खडी फोडणाऱ्या बायका. त्यांची मुले जवळच झोळीत. पाझर तलाव, नालाबांध यांची माती पुष्कळशी ह्याच बायकांनी वाहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना ह्या दुष्काळात गावोगाव रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि स्त्रीपुरुषांना मजुरीचा दर एकच. आपल्या आयाबायांच्या हातात स्वतःच्या नावाची मजुरी त्या मातीकामाने ठेवली, हे मला फार मोठे वाटते. मात्र त्या वेळचे कितीतरी तलाव पुढे गाळाने भरले आणि तो उपसायला मुहूर्त सापडेना, हेही खरेच.

२०१६ च्या उन्हाळ्यात बातमी वेगळी आली. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते. त्याच दिवसांत आपल्या कोरेगाव तालुक्यातील वेळू गावची माणसे घमेली-फावडी घेऊन डोंगरउतारावर चर खणीत होती. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचे ते पहिलेच वर्ष. पहिला क्रमांक वेळूला मिळाला. समपातळीतला चर म्हणजे काही नवी विद्या नव्हे. धावणाऱ्या पाण्याला थोडे थांबायला लावायचे, म्हणजे ते जमिनीत मुरते. नवे होते ते एवढेच, की कामाचा दाखला किंवा हजेरीपट नसताना गाव उठले, आणि बायका आघाडीवर होत्या.

शहरात आपण काय करणार, असे पुष्कळजणी विचारतात. आपल्या जुन्या वाड्यांत आड होते. घरोघरी नळ आल्यावर कोणी त्यांत कचरा टाकला, कोणी वर फरशी बसवली. आमच्या आळीतला आड नव्या इमारतीच्या बांधकामात बुजवला गेला; शेजारणींनी हरकत घेतली, पण बांधणाऱ्याने ऐकले नाही. आता त्या इमारतीला दर मे महिन्यात टँकर लागतो!

म्हणून मंडळाने यंदा एक वही घातली आहे. प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या घरच्या वा शेजारच्या आडाची माहिती तीत लिहावी : आड कोठे, किती खोल, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, शेवटचा उपसा कधी झाला. पागोळीचे पाणी आडात सोडता येईल का, तेही पाहावे. आतापर्यंत जी पाने भरली आहेत त्यांत बुजलेले आडच अधिक आहेत. मंगळवार पेठेतील भगिनींची पाने अद्याप यायची आहेत.