घेवड्याचे जाणकार कोण?

शेतीचे संशोधन कोणासाठी, असे विचारले तर जो तो ‘शेतकऱ्यासाठी’ असे उत्तर देईल. शेतकरी म्हणजे कोण, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कारखान्यात यंत्र बदलताना त्यावर आठ तास उभ्या राहणाऱ्याला विचारीत नाहीत, हा आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांचा नित्याचा अनुभव. शेतात अशी उभी असणारी पुष्कळदा बाई असते, इतकेच.

आफ्रिकेतील रवांडा हा डोंगराळ, दाट वस्तीचा चिमुकला देश. घेवडा हे तिथले रोजचे अन्न. कोरेगावचा वाघ्या घेवडा ज्यांनी खाल्ला असेल त्यांनी तो डोळ्यांपुढे आणावा; कूळ तेच. पेरणीपासून बियाणे राखण्यापर्यंत हे पीक बहुधा बायकांच्या हातचे. त्या एकच जात पेरीत नाहीत; जमिनीचा कस पाहून अनेक जातींचे मिश्रण करतात.

संशोधन केंद्रात मात्र शेकडो जाती वर्षानुवर्षे गाळून दोनचार उरत, आणि मग त्या शेतावर येत. बाईला हवी असलेली जात पहिल्याच चाळणीत गेली असेल, तर ते कळावे कसे? शास्त्रज्ञांच्या हेतूबद्दल आम्हांला शंका नाही. पण त्यांच्या हाती तराजू होता. केळीच्या सावलीत झाड तग धरील काय, पाला भाजीला चालेल काय, शिजायला सरपण किती लागेल, हे तराजूत येत नाही.

१९८८ च्या सुमारास लुईझ स्पर्लिंग या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी ही रीत उलटी केली. गावोगावच्या जाणत्या स्त्रियांना निवड संपण्यापूर्वीच केंद्राच्या वाफ्यांत नेले. त्यांनी निवडलेल्या जाती घरच्या शेतात पेरल्या, तेव्हा नेहमीच्या मिश्रणाहून ३८ टक्क्यांपर्यंत अधिक पीक आले. तज्ज्ञांनी निवडलेल्या जातींनी म्हणण्यासारखी वाढ दिली नव्हती. हे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षीच्या नरसंहाराने तो देश उद्ध्वस्त झाला.

आपल्याकडे अडसर कागदापासूनच आहे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. तरी सातबाऱ्यावर नाव पुष्कळदा नवऱ्याचे, नाहीतर सासऱ्याचे. प्रयोगाचा प्लॉट मिळतो खातेदाराला, मेळाव्याचे बोलावणे त्याला; आणि बैठक भरते ती नेमकी चुलीच्या वेळेला. साहेब येतात, खातेदाराशी बोलतात, निघून जातात. यंदा कणगीतले कोणते बी राखेत ठेवले आणि का, हे आत भाकरी थापणारीला ठाऊक असते.