तळटीप : टीव्हीवरची बतावणी

१. लेखकाने शिवऱ्याच्या (ता. भोर) पारावरच्या गप्पांत विनोदी कार्यक्रमांना ‘टीव्हीवरची बतावणी’ असे म्हटले आहे. तमाशात गण-गौळणीनंतर, वगाच्या आधी बतावणी येते. तिला पाठ केलेली संहिता नसे. विषय ठरलेला, बाकी सवाल-जवाब, कोट्या, समोर बसलेल्या पाटलाला काढलेला चिमटा, सगळे ऐनवेळी. भोरकरांना बतावणीचे अप्रूप असण्याचे कारणही आहे. दादा कोंडके यांचे घराणे याच भागातल्या इंगवलीचे. त्यांचा जन्म मात्र मुंबईत, नायगावला झाला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात ते हवालदार होत आणि त्या-त्या दिवसाच्या बातम्या संवादांत घुसवत. त्यामुळे तेच नाटक पुन्हा पाहायला येणारे प्रेक्षक असत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि ‘गजरा’सारख्या कार्यक्रमातून विनोद घरात आला. झी मराठीवरचे ‘चला हवा येऊ द्या’ (सुरुवात २०१४) आणि सोनी मराठीवरची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८ पासून) यांत प्रहसने आधी लिहिली जातात, तालमी होतात. ‘हास्यजत्रे’तले समीर चौघुले तर लिहितात आणि कामही करतात. मधूनच सुचलेली पुरवणी आणि न आवरलेले हसू एवढेच उत्स्फूर्त. ब्रिटनच्या ‘हूज लाइन इज इट एनीवे?’मध्ये (दूरचित्रवाणीवर १९८८ पासून) प्रेक्षक सुचवतील त्यावर नट जागीच प्रसंग उभा करत. लेखकाची तुलना त्याला अधिक लागू पडते. अर्थात तिथेही प्रक्षेपणाआधी कात्री चालेच. — संपा.