उंदीर मेले का नाहीत?

गोष्ट १९३०च्या दशकातली. अमेरिकेत प्रिन्स्टनला एरिक ट्राउब यांना अजब उंदीर सापडले. अंगभर एलसीएम विषाणू, तरी ठणठणीत! मोठ्या उंदराच्या मेंदूत तोच टोचला की खेळ खलास. फरक एवढाच, यांना लागण आईच्या पोटातच झालेली.

१९४९ मध्ये बर्नेट आणि फेनर म्हणाले, जन्माआधी भेटलेल्याला शरीर आपलंच मानतं. १९५३ मध्ये मेडावर यांच्या चमूने उंदरांवर परकी त्वचा टिकवून दाखवली. १९६०चं नोबेल बर्नेट-मेडावरांना. (पुढे कळलं, ट्राउबच्या उंदरांची ही मैत्री अर्धवटच होती. अँटीबॉडी बनतात, किडनी बिघडते.)

माणसात? हिपॅटायटिस बी बघा. जन्मताना आईकडून लागण झाली, तर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो, मोठ्यांत क्वचितच. म्हणून ढाणकीत जन्मलेल्या बाळालाही पहिल्या २४ तासांत लस द्यायची असते.